आजीच्या बटव्यात नसलेलं

"आमच्या आजीला सात झाली, एकदाही सोनोग्राफी नाही की गोळ्या नाहीत. सगळी कशी ठणठणीत!"

गेल्या सहा महिन्यांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? सोसायटीतल्या काकूंकडून ऐकलं, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सासूबाईंकडून ऐकलं, रिक्षावाल्या काकांकडून ऐकलं (त्यांना आरशातून माझं पोट दिसत असावं), आणि व्हॉट्सॲपवर तर रोजच. तिथे त्याच्याबरोबर एका सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या आजीबाईंचा फोटो येतो, खाली 'जुनं ते सोनं' आणि त्याखाली बाळगुटीची कृती. लोक प्रेमानेच पाठवतात, त्यामुळे भांडताही येत नाही. आपण हात जोडलेला इमोजी टाकतो आणि लोहाची गोळी घेतो.

मंडळी, सातवा महिना चालू आहे, बसून बसून पाठ दुखते, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ आहे. तर या एका वाक्याशी माझं भांडण आहे आणि ते आज एकदा सविस्तर करून टाकते. आजी-आजोबांचं कौतुक करायला माझा अजिबात विरोध नाही. उलट आपण त्यांचं कौतुक फार स्वस्तात उरकतो, ही माझी तक्रार आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक पंथ आहे बरं का. त्यांच्या मते जुन्या बायका म्हणजे अडाणी. पिवळा चीक फेकून द्यायच्या, बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी धुमसत ठेवायच्या, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायच्या, सहाणेवर वेखंड-जायफळ उगाळून चाटवायच्या. आता डॉक्टर स्पष्ट सांगतात, बाळाला पहिल्या तासाच्या आत पाजा, चीक अजिबात टाकू नका, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर नाहीच. हे सगळं बरोबर आहे आणि मी ते तसंच करणार आहे. पण 'अडाणी' हा शब्द उच्चारून विषय संपवणारी माणसं आणि फोटोला हार घालणारी माणसं, दोघांचं एका बाबतीत एकमत असतं. आजीला काही विचारायचं नाही! एकाला उत्तर आधीच माहीत असतं, दुसऱ्याला ते नकोच असतं.

मला विचारावं लागलं, कारण डॉक्टरबाईंनी विचारलं. पहिल्या तपासणीला एक फॉर्म भरतात. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, थॅलेसेमिया, जुळी, दगावलेली बाळं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "आम्ही पाच भावंडं, सगळी धडधाकट. बाकी आज्जीला विचार." वडिलांकडचे आजी-आजोबा माझ्या जन्माआधीच गेले, त्यामुळे तिकडचे रकाने कायमचे कोरे राहिले. आईकडचे दोघं मात्र आहेत, आणि बोलतात. आज्जी ऐंशीच्या पुढची, तात्या तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. गाव पाटण तालुक्यात. मग चार दिवस सुट्टी काढून गावी गेले.

(इथून पुढचं सगळं आज्जीला विचारून लिहिते आहे. "लिव की, त्यात काय चोरीचं हाय?" असं तिचं म्हणणं. मामा-मावश्यांनी वाचावं म्हणून तर लिहायचंच आहे.)

तर हिशेब असा. आज्जीला बाळं झाली सात. आम्ही सगळे आयुष्यभर पाच म्हणत आलो, कारण वाढली ती पाच. आईलाही दोघांचं नीट माहीत नव्हतं. एक मुलगी सगळ्यांत पहिली, साधारण १९६० ची, आठव्या दिवशी गेली. आणि मोठ्या मामाच्या पाठचा एक मुलगा, अकरा महिन्यांचा होऊन गेला. मुलीला नाव नाही, कारण बारसं बाराव्या दिवशी आणि ती आठव्याला गेली. मुलाचं नाव होतं. ते आज्जीने सांगितलं, पण हळू आवाजात, म्हणून इथे लिहीत नाही. घरच्यांना फोनवर सांगेन.

म्हणजे 'सात झाली, सगळी ठणठणीत' हे वाक्य आमच्याच घरात खोटं होतं. आणि आम्हीही ते म्हणत होतो!

आज्जीचं नशीब काही वेगळं नव्हतं. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. म्हणजे आठातलं एक. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला होता. 'ठणठणीत' म्हणून ज्यांची गणती होते ती उरलेली. गेलेली बाळं कौटुंबिक फोटोत नसतात, त्यामुळे फोटो नेहमी हसराच दिसतो. किती घरांत असे दोन-दोन आकडे गाळून हिशेब सांगितला जात असेल, कोण जाणे.

पहिल्या मुलीचं मी खोदून विचारलं. नाळ कशाने कापली? "इळ्यानं. आन् कशानं?" वर काय लावलं? "राख." सातव्या दिवसापासून ती दूध ओढेना, जबडा मिटला, अंग ताठ झालं. आज्जी म्हणते सटवीने नेलं. हे वर्णन मी आमच्या डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "धनुर्वात असणार." नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं बहुतेक वेळा जन्मानंतर तीन दिवसांपासून दोन आठवड्यांच्या आत दिसतात. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवीची पूजा करून बाळाला जपायची पद्धत आहे ना, तिच्यामागची भीती कुठून आली असेल याचा मला त्या दिवशी अंदाज आला. हा माझा आपला तर्क, शास्त्र नाही. पण पहिले आठ-दहा दिवस धोक्याचे, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. धोका कुठून येतो तेवढं ठाऊक नव्हतं. गरोदरपणी आईला लस द्यायची आणि नाळ स्वच्छ पात्याने कापायची, एवढ्यावर तो थांबतो. भारतात माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपला, याला जागतिक आरोग्य संघटनेने दुजोरा दिला तो २०१५ मध्ये. म्हणजे अगदी कालपरवा. मला दंडावर दोन इंजेक्शनं मिळाली, थोडं दुखलं, त्याचंही मी घरात कौतुक करून घेतलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझा मुद्दा खरा तर पुढेच आहे.

मोठा मामा १९६२ चा. त्याच्या वेळी गावात अधूनमधून एक सरकारी नर्सबाई यायच्या. त्यांनी आज्जीला सांगितलं की इळ्याला गंज असतो, कोरं पातं उकळून घ्या. सुईणबाईंना हे पटलं नाही. आज्जीच्या सासूला तर अजिबात नाही. इतक्या पिढ्या इळ्याने नाळ कापली, आता हिचीच काय मोठी नवलाई? आज्जी तेव्हा जेमतेम वीस वर्षांची, पहिलं मूल गमावलेली सून, नवरा मुंबईत. तरी ती अडून बसली. "पातंच पायजे म्हनलं. न्हाईतर मी हात लावू देत न्हाय." तात्यांनी मुंबईहून येताना दाढीची कोरी पाती आणली होती, त्यांतलं एक तिने फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवलं होतं. पुढच्या प्रत्येक बाळंतपणाआधी एक कोरं पातं बाजूला निघायचं. माझ्या आईची नाळ अशाच एका पात्याने कापली.

आता सांगा, आजीच्या बटव्यात आपण काय शोधतो? सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग. पण आमच्या आज्जीच्या बटव्यातली सगळ्यांत मोलाची वस्तू होती ते पातं. आणि ते परंपरेने दिलेलं नव्हतं. परंपरेच्या विरोधात, सासूच्या तोंडावर, एकटीने हट्ट करून मिळवलेलं होतं.

'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. त्या वाक्यात आज्जी फक्त जुनं जपणारी होते. तिने काय टाकून दिलं, कशाला नाही म्हणाली, कुणाशी भांडली, हे सगळं पुसलं जातं. देवी काढायला माणूस आला की काही बायका पोरं माळ्यावर लपवायच्या. आज्जी म्हणते, "मी म्होरं करायची." मामांच्या आणि मोठ्या मावशीच्या दंडावर ते गोल व्रण आहेत, आईच्याही. मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडलेला नाही. त्यात सरकारी यंत्रणेचा वाटा आहेच, पण पोराला पुढे करणाऱ्या अशा हजारो-लाखो आयांचाही आहे, आणि त्यांना कुणी आधुनिक वगैरे म्हटलं नाही. धाकट्या दोघांच्या वेळी तर ती सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बाळंत झाली. बैलगाडीने, कळा सुरू झाल्यावर! आज मी सोनोग्राफीला जाते ते आजीच्या विरुद्ध जाऊन जाते, असं जे मला सुचवतात, त्यांना मी आता ही बैलगाडी सांगणार आहे. ज्या वाटेने ती गाडी गेली त्याच वाटेने मी पुढे चालले आहे.

दुसऱ्या बाळाचं लिहिणं अवघड आहे, पण ते टाळलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

तो मुलगा हगवणीने गेला. पावसाळ्याचे दिवस, लावणीची घाई. जुलाब सुरू झाले तसं घरातल्या थोरांनी सांगितलं, पाणी बंद करा, पाणी दिलं की जुलाब वाढतात. हा समज तेव्हा घरोघर होता. तीन दिवसांत बाळ सुकलं. हे सांगून झाल्यावर आज्जीने मला विचारलं, "आता काय देत्यात गं हगवनीला?"

मी थोडा वेळ गप्प बसले. खोटं सांगावं असंही मनात आलं. औषध निघालंय नवीन, महागडं आहे, असं काहीतरी. पण तिने सरळ विचारलं होतं. म्हटलं, "पाणी देतात आज्जी. मीठ आणि साखर घालून. थोडं थोडं, सारखं."

ती म्हणाली, "मीठ-साकर तर घरातच होती."

मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

हे ज्ञान तेव्हा तिच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, हे मला नंतर वाचताना कळलं. आतडं जुलाबातही मीठ आणि साखर एकत्र असली की पाणी शोषून घेतं, हे शास्त्रज्ञांना साठच्या दशकात नीट उमगत होतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी करून पिंपातून वाटलं, नातेवाइकांच्या हातून पाजलं, आणि मृत्यू एकदम खाली आले. जगभर ते पाणी पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. आज्जीचं बाळ त्याआधी सहा-सात वर्षं गेलं होतं. म्हणजे ती चुकली नव्हती, सासूही चुकली नव्हती. जगात तेव्हा जे ठाऊक होतं ते पाटण तालुक्यातल्या त्या घरात येऊन पोचलेलं नव्हतं, इतकंच. हे मी तिला सांगितलं. पटलं की नाही, सांगता येत नाही.

पण संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर ती मला म्हणाली, "परमान सांग. त्या शेजारच्या सुनंला सांगून ठेवते. लहान पोर हाय तिचं." मी सांगितलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. दुकानात पुडी मिळते ती आणखी चांगली, आणि दवाखान्यात न्यायचंच. तिने दोनदा म्हणून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन सांगून आली.

हे बघितलं तेव्हापासून मला 'आजीकडून शिकण्यासारखं' याचा अर्थ वेगळा वाटायला लागला आहे. गुटी तिच्याकडून घेणार नाही मी. पण ऐंशी पार केल्यावर, साठ वर्षांपूर्वीच्या दुःखावर ज्याचा आता काही उपयोग नाही असं ज्ञान हातात आलं, तर ते दुसऱ्याच्या पोरासाठी वापरायचं, हे मला घ्यायचं आहे. जमेल का, माहीत नाही.

आता थोडं तात्यांविषयी. आजोबांचं कौतुक तर आपण आणखी स्वस्तात उरकतो. 'शिस्तीचे होते', 'कष्टाळू होते', झालं.

तात्या माथाडी. आमच्या तालुक्यातल्या घरटी एका पुरुषासारखे तेही मुंबईला गेले. मस्जिद बंदरच्या धान्यबाजारात पाठीवर पोती वाहिली, गाळ्यात पंचवीस-तीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपले, खानावळीत जेवले. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पाटणच्याच अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली होती. त्यानंतर भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी सुट्टी असले शब्द त्यांच्या आयुष्यात आले. त्याआधी काम असेल त्या दिवशी मजुरी, नसेल त्या दिवशी नाही.

आता बघा, माझा नवरा प्रत्येक तपासणीला बरोबर येतो. पडद्यावर बाळाचे ठोके दिसले तेव्हा माझ्याआधी तो रडला. (हे लिहिल्याबद्दल बोलणी खाणार आहे.) केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवसांची रजा असते, खाजगीत मालकाच्या मर्जीवर. त्याच्या कंपनीने थोडी दिली आहे. या सगळ्याच्या मानाने तात्या म्हणजे 'गैरहजर बाप'. सातांपैकी एकाही जन्माच्या वेळी ते घरी नव्हते. बातमी पोस्टकार्डाने जायची, तेही गाळ्यातल्या दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवायचं, कारण त्यांना तेव्हा वाचता येत नव्हतं.

माझी आई १९६७ च्या ऑक्टोबरातली. ११ डिसेंबरच्या पहाटे, सव्वाचारच्या पुढे, कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा मोडकळीला आली. आमच्या घराची मागची भिंत कोसळली. आज्जीने दोन महिन्यांच्या आईला छातीशी धरलं, मामाला दंडाला धरून ओढलं आणि खळ्यात आली. पुढचे कितीतरी दिवस, डिसेंबरच्या थंडीत, सगळं गाव उघड्यावर झोपलं. तात्यांना मुंबईत बातमी कळली ती बाजारात. कुणाचं काय झालंय, कळायला काही मार्ग नव्हता. तसेच निघाले. कराडपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते, शेवटी चालत. तिसऱ्या दिवशी पोचले. माझ्या आईला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा, खळ्यात, गोधडीत.

मी विचारलं, "तात्या, काय वाटलं हो तुम्हाला?"

तात्या बराच वेळ तपकिरीची डबी चाचपत बसले. मग म्हणाले, "ह्ये आजपातुर कुनी इचारलंच न्हाई."

आणि उत्तर दिलंच नाही! उठून गोठ्याकडे गेले. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढं तरी बोलले. आईला शाळेत घालताना घरात वाद झाला होता, तेव्हा तात्यांनी मुंबईहून पत्र लिहवून घेतलं होतं, पोरगी शिकेल. एक ओळ. आई दहावी झाली, मग डीएड, मग शिक्षिका. मी आज हे जे लिहिते आहे ते त्या एका ओळीवर उभं आहे.

मग काय, पूर्वीचे बाप चांगले होते की आताचे? हा प्रश्नच मला पटत नाही. गाळ्यात झोपणाऱ्या माणसाकडे पाळण्याजवळ बसण्याची सोय नव्हती. मनीऑर्डर हेच त्याचं अंगाईगीत. पण म्हणून 'बापाने लांबच असावं, आमचे आजोबा नव्हते का' असं म्हणणंही चुकीचं. तात्यांना सोय असती तर ते आले असते. तीन दिवस तंगडतोड करून आलेला माणूस आहे तो. माझ्या नवऱ्याला जे मिळतंय ते तात्यांना मिळायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

तेच बाळंतिणीच्या विश्रांतीचं. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, पहिलं बाळंतपण माहेरी, याला आपण विटाळ, जुनाट चाली म्हणून नाक मुरडतो. विटाळ वगैरे मलाही मान्य नाही. पण सासरी राबणाऱ्या सुनेला हक्काची रजा मिळवून देणारी तेवढी एकच सोय होती! आज्जीला ती पहिल्याच वेळी मिळाली. पुढच्या बाळंतपणांत ती बाराव्या-पंधराव्या दिवशी भातखाचरात उभी होती. २०१७ पासून कायद्याने मला सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंना, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला, ती कुठे आहे? 'आजी लगेच कामाला लागायची' असं कौतुकाने सांगणाऱ्यांनी आज्जीला एकदा विचारून बघावं, तिला काय हवं होतं. मी विचारलं. ती म्हणाली, "झोप."

असो. बटव्यातलं काहीच घेणार नाही असं नाही हं. नाचणीची आंबील रोज पिते आहे, तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं तिच्यात. अळिवाचे लाडू ठरलेले आहेत. आज्जीच्या जुन्या मऊ लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवून झाल्या आहेत, टाके आता थोडे वाकडे पडतात, पण त्यासारखं कापड दुकानात मिळत नाही. मालिश करणाऱ्या मावशी आई बघून ठेवणार आहे. प्रत्येक गोष्ट डॉक्टरबाईंना विचारून. आज्जीनेही नर्सबाईंना विचारूनच केलं होतं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर, आजी-आजोबा म्हणजे औषधांचं कपाट नव्हे आणि देव्हाराही नव्हे. हातात जे होतं तेवढ्यावर निर्णय घेणारी ती माणसं होती, काही वेळा बाजी हरलेली, तरी पुढच्या वेळी काहीतरी बदलून बघणारी. त्यांचं ऋण मानायचं तर काय हरलं तेही ठाऊक असायला हवं. नाहीतर आपण फक्त जिंकलेल्या पाच जणांचा जयजयकार करत बसतो, आणि ज्या दोघांमुळे ती शहाणी झाली त्यांचा पत्ताच नसतो.

आणि विचारायचं तर नीट विचारा. "तुमच्या काळी कसं होतं?" असं विचारलंत तर "लई झ्याक" किंवा "लई हाल" एवढंच मिळेल. बारीकसारीक विचारा. बाळंत होताना जवळ कोण होतं, नाळ कशाने कापली, कितव्या दिवशी कामाला लागलीस, बातमी कशी कळवली, किती बाळं झाली आणि त्यांतली किती वाढली. शेवटचा प्रश्न विचारताना जवळ बसून, हात हातात घेऊन विचारा. सांगायचं नसेल तर सोडून द्या. पण न विचारताच हिशेब गृहीत धरू नका.

आमच्या घरच्यांसाठी एक निरोप. डोहाळजेवण पुढच्या महिन्यात आहे, तारीख आई कळवेलच. ओटीचे, झोपाळ्याचे फोटो काढायचे तेवढे काढा, पण येताना प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेलं एकेक काहीतरी वहीत लिहून आणा. मोठ्या मामाने भूकंपाचं आणावं, तेव्हा तो पाच वर्षांचा होता, त्याला खळं आठवतं. मावशीने आरोग्य केंद्राच्या बैलगाडीचं. पहिल्या पानावर मी आज्जीच्या सात बाळांची नावं लिहिली आहेत, क्रमाने. पहिल्या ओळीत नाव नाही, नुसतं 'मुलगी, १९६०' असं आहे. तिचं नाव काय ठेवायचं होतं ते आज्जीने अजून सांगितलेलं नाही. सांगेल तेव्हा लिहीन. जागा सोडली आहे.